कानबाईच्या खड्ड्यातली नीळ

आमच्या धंद्यातला फोन कुजबुजत येतो. समोरचा माणूस आधी माझी तब्येत विचारतो, मग पाऊसपाणी विचारतो, आणि जवळपास कुणी ऐकत नाही याची खात्री झाली की म्हणतो, "जरा ते मागचं काम होतं." मागचं काम म्हणजे संडासाचं काम. छत्तीस वर्षं मी धुळ्यात राहून सगळ्या खानदेशात हे मागचं काम केलं. दुकानाच्या पाटीवर मात्र 'पाइपलाइनची सर्व कामे' असं रंगवून घेतलं होतं, आणि लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मीही तेवढंच सांगायचो. गिऱ्हाइकं लाजतात म्हणून मी त्यांना हसायचो, पण पाटी माझीच होती.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून गमतीचे अनुभव मागितले. गमती पुष्कळ आहेत. त्यातल्या एकदोन सांगतो, पण मनात जे घेऊन बसलोय ते गमतीचं नाही. तिथं पोचेपर्यंत वाचकांनी धीर धरावा.

आधी टाकी म्हणजे काय ते सांगतो, कारण शिकलेल्या माणसांनाही ते माहीत नसतं. "टाकी भरली, लवकर या," असा फोन आला की मी विचारायचो, "मग रिकामी कधी होती?" सेप्टिक टाकी बांधल्यावर थोड्याच दिवसांत भरते आणि पुढं जन्मभर भरलेलीच असते. घरातला मैला पहिल्या कप्प्यात येतो. जड ते खाली बसतं, तेलकट ते सायीसारखं वर धरतं, आणि मधलं निवळलेलं पाणी पुढच्या कप्प्यातून पाइपानं बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. शोषखड्डा म्हणजे विटांचे तुकडे आणि दगडगोटे भरलेला, तळ न बांधलेला खोल खड्डा. तिथं ते पाणी जमिनीत जिरतं. जेवढं पाणी घरातून आलं तेवढं जमिनीनं प्यायला हवं. जमीन पिईना झाली की पाणी मागं फिरतं आणि घरात सगळ्यात खाली जे तोंड असेल तिथून वर येतं. म्हणजे दुखणं अंगणात असतं आणि बोंब न्हाणीघरात होते.

देवपुरात एक निवृत्त हेडमास्तर होते. स्वच्छतेचे मोठे भोक्ते. रोज सकाळी संडासात ॲसिड आणि संध्याकाळी फिनेल. त्यांच्या टाकीतला मैला कुजायचाच थांबला होता, जसाच्या तसा साठून राहिला होता. मी म्हणालो, "सर, टाकीतले जंतू तुमचं काम फुकटात करतात. त्यांना तुम्ही रोज विष पाजता." सर म्हणाले, "जंतू म्हणजे जंतू. त्यांच्यात आपला-परका कसला?" गाडी बोलावून टाकी उपसली आणि नव्यानं जंतू धरावेत म्हणून घमेलंभर शेणकाला आत घालायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला, शेण देशी गायीचं हवं की जर्सी चालेल? मी म्हणालो, म्हशीचंही चालेल. तेव्हापासून त्यांचा माझ्या ज्ञानावरचा विश्वास उडाला.

फैजपूरकडची गोष्ट वेगळी. तिथं केळीची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा खणलेला शोषखड्डा टँकरच्या टँकर पितो आणि मालक खूश होऊन मिस्त्रीला जेवू घालतो. श्रावणात तीच माती फुगून घट्ट होते आणि एक तांब्या पाणी घेत नाही. म्हणून काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर जागा बदलायची. हे मी उमेदवारीच्या काळातच शिकलो होतो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं जे केलं ते न कळून केलं असं मला म्हणता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मान वर करून सांगतो. टाकीत मी कधी माणूस उतरवला नाही. आतला वायू क्षणात माणूस घेतो. गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी मी उपसणाऱ्या गाडीची वाट पाहायला लावली. एवढी एक बाजू सांभाळली म्हणून मी स्वतःला सरळ माणूस समजत होतो.

आता अक्काचं सांगतो.

अक्का आमच्या सोनगीरची लेक. आमच्याच गल्लीतली, माझ्यापेक्षा आठनऊ वर्षांनी मोठी. मला सख्खी बहीण नाही, म्हणून राखी तिच्या हातची. सगळं गाव मला काही म्हणो, ती बापू म्हणते. नवरा गेल्यावर तिनं आणि तिच्या मुलानं, किशोरनं, धुळ्याबाहेर नव्या कॉलनीत प्लॉट घेतला. किशोर तेव्हा नोकरीनिमित्त नाशकात होता. घर ठेकेदार बांधत होता, पण टाकी आणि पाइपांचं काम अक्कानं हट्टानं माझ्याकडे दिलं. घरचा माणूस म्हणून.

काम सुरू व्हायच्या आधी ती एकदा प्लॉटवर आली. पुढचा, उगवतीकडचा कोपरा दाखवून म्हणाली, "बापू, हाऊ कोपरा मोकळा ठेवजो. तठे मन्ही कानबाईना खड्डा व्हई."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने. घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही. रीत घराघरात थोडी वेगळी असते, पण अक्काच्या घरी रोटाचं खरकटं आणि हात धुतलेलं पाणीदेखील मोरीत जाऊ देत नाहीत. अंगणात हातभर खड्डा करतात, त्यात ओततात आणि वरून माती लोटतात. मोरीतलं पाणी कुठं जातं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ही काळजी. माझ्याही घरी कानबाई बसते. अक्का काय सांगत होती ते मला दुसऱ्या कुणीही समजावायची गरज नव्हती.

शोषखड्डा ठरल्याप्रमाणे मागं खणायला घेतला. चार फुटांवर काळा दगड लागला. तो फोडायला यंत्र आणायला हवं होतं, चारपाच दिवस थांबायला हवं होतं. तिकडे फैजपूरला एका मोठ्या घराचं काम खोळंबलं होतं आणि तो मालक रोज फोन करत होता. पुढचा कोपरा मऊ होता, जुन्या शेताची काळी माती. एका दिवसात खड्डा झाला. त्यावर फरशा टाकल्या, फरशांवर दोन फूट माती पसरली, वर पाणी मारून सारखं केलं. घराच्या कडेनं पाइप नेला आणि त्यावर फरसबंदी झाली. कुणाला काही दिसण्यासारखं उरलं नाही. मी मनात म्हणालो, अक्काचा खड्डा हातभर, माझी फरशी दोन फुटांवर. मध्ये वीतभर माती आहेच. आणि फैजपूरला गेलो.

त्या वर्षी नव्या घरात पहिली कानबाई बसली. राखीला गेलो तेव्हा अक्कानं मला तो कोपरा दाखवला. तिचा चेहरा खुलला होता. म्हणाली, "बापू, मायनी घर पसंत कयं. पानी वतं आनि लगेच पी टाकं बघ."

माय म्हणजे कानबाई. पाणी फरशांच्या फटींतून माझ्या शोषखड्ड्यात गेलं होतं. मी राखी बांधून घेतली, श्रीखंड-पुरी खाल्ली आणि घरी आलो. दरवर्षी ती हेच सांगायची. आलेल्या बायकांना कोपऱ्यापाशी नेऊन दाखवायची, आमची माय कशी घटाघटा पिते. सहा वर्षं मी हे ऐकलं. पहिल्या वर्षी तिच्याकडे बघवलं नाही. नंतरनंतर सवय झाली. लाजेची सवय होते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

सातव्या वर्षी उन्हाळ्यात किशोरचं लग्न झालं. तो बदली होऊन धुळ्यात आला होता. सून मनीषा सोलापूरकडची, शाळेत विज्ञान शिकवणारी. बोलायला मोकळी, चौकस. मी सासूच्या माहेरचा, म्हणून पहिल्या भेटीपासून मला मामा म्हणू लागली. त्या श्रावणात तिची पहिली कानबाई. घरात तीसेक पाहुणे, आठवडाभर पावसाची झड. आणि एकट्या अक्काचं पाणी म्हणून सहा वर्षं निभलेला, पण गाळानं चोंदत आलेला माझा शोषखड्डा त्याच दिवशी तुंबला. तळमजल्याच्या न्हाणीघरातून काळं पाणी वर आलं. पाहुण्यांनी नाकाला पदर लावले. आणि संध्याकाळी अक्का रोटाचं पाणी घेऊन कोपऱ्यात गेली, तर पाणी खड्ड्यात तसंच उभं राहिलं.

त्यात आणखी एक झालं. दुपारी शेजारीण मनीषाकडे काही मागायला आली होती. घरी आलेल्याला हातावर काही ठेवल्याशिवाय पाठवू नये, या तिच्याकडच्या रीतीनं तिनं शेजारणीला चहाबरोबर अर्धा रोट दिला. तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

मला सोमवारी बोलावलं. मी टाकीचं झाकण उघडलं आणि पाहिल्यापाहिल्या समजलो. तरी किशोर शेजारी उभा होता, म्हणून संडासात नीळ टाकायला लावली. आपण कपड्यांना घालायचो तीच नीळ. ती पुढच्या चेंबरमध्ये उतरली की मधली लाइन साफ आहे हे कळतं. मनीषा वाकून बघत होती. म्हणाली, "मामा, म्हणजे पाणी कुठं जातं ते नीळ सांगते?"

"बरोबर. माणूस खोटं सांगेल, नीळ नाही सांगत," मी म्हणालो. कुणी धंद्यातलं विचारलं की मला बोलायचा हुरूप येतो.

"आणि टाकीतून पुढं कुठं जातं?"

"शोषखड्ड्यात."

"तो कुठे आहे?"

मी हात उचलून घराच्या मागं दाखवलं.

पाहुणे जास्त झाले, पाऊस लागला, असं मी किशोरला सांगितलं. गाडी बोलावून टाकी उपसून दिली. निघताना अक्कानं मला बाजूला घेतलं. रात्रभर रडलेली दिसत होती. म्हणाली, "बापू, यंदा मायनी पानी लिधं नही. या पोरनी रोट बाहेर दिधा, म्हनीसन व्हयनं ना हाई?"

तिथं मला खरं बोलता आलं असतं. गेला बाजार नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "देवनं काय सांगता येस, अक्का."

एवढंच बोललो. नंतर मी मनाशी पुष्कळ वाद घातला की मी काही सुनेचं नाव घेतलं नाही. पण मिस्त्रीच असं म्हणतो म्हटल्यावर अक्कासाठी ते पक्कं झालं.

पुढच्या वर्षीपासून मी कानबाईच्या आधी आठवण ठेवून गाडी पाठवायचो. टाकी रिकामी असल्यानं न्हाणीघर सांभाळलं जायचं. पण पावसानं तुडुंब झालेला शोषखड्डा कोपऱ्यातलं पाणी घेत नव्हता, ते उभंच राहायचं, आणि त्याला वास यायचा. अक्कानं मनीषाला रोटाच्या कामातून बाजूला केलं. गहू निवडायचे नाहीत, दळायचे नाहीत, चुलीकडे यायचं नाही. कानबाईच्या दिवशी ती वरच्या खोलीत बसायची. पाहुण्या बायका जिन्याकडे बघून हळू बोलायच्या. मी गाडीबरोबर जायचो, तेव्हा चहा मात्र तीच आणून द्यायची. मला साखर वर्ज्य आहे हे तिला एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. "मामा, बिनसाखरेचा आहे," म्हणून कप हातात द्यायची आणि मी तो प्यायचो.

तिसऱ्या वर्षी ती माझ्या दुकानात आली. शाळेतून परस्पर आली होती, खांद्याला पिशवी तशीच. समोरच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "मामा, मी शनिवारी टाकीच्या शेवटच्या चेंबरमध्ये बादलीभर नीळ ओतली. रविवारी यांनी कोपऱ्यात खड्डा करून पाठ फिरवली, तर तळाला निळं पाणी झिरपत होतं. कुणी बघायच्या आत मी वर थोडी माती लोटली."

मी कपाटातले नळाचे वॉशर मोजायला लागलो.

"शोषखड्डा तिथंच आहे ना?"

"हो," मी म्हणालो.

"किशोरना मी सांगितलं नाही. ते लगेच आईंशी भांडतील आणि आई म्हणतील, सुनेनं पढवून पाठवलं. मी बोलले तर स्वतःच्या अंगावरचं झटकते म्हणतील. त्यामुळे तुम्हीच सांगा, मामा. तुमचं आईंना पटेल."

आवाज चढवला नाही, काही दूषण दिलं नाही. मी म्हणालो, "सांगतो. या राखीलाच सांगतो." तिनं मान हलवली आणि गेली.

राखीला अक्कानं ओवाळलं, माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो. चपला घालताना तिनं माझ्याकडे पाहिलं, मी नाही पाहिलं. मनात म्हणालो, दिवाळीत सांगू. दिवाळीत म्हणालो, सणासुदीला कशाला. पुढचा श्रावण आला, तेव्हा मी गाडीवाल्याला एकट्याला पाठवायचा विचार केला. मग न गेलो तर संशय येईल म्हणून गेलो. तिनं बिनसाखरेचा चहा आणून दिला. तोही मी प्यायलो.

भीती कसली होती हे विचारलं तर सांगतो. सोनगीरच्या प्रत्येक घरात अक्कानं सांगून ठेवलं होतं की आमच्या बापूनं घर कसं नीट करून दिलं. ती म्हणेल, तू माझ्या देवीच्या तोंडात घाण घातलीस. ती राखी तोडेल. माझ्या बायकोला कळेल, आणि आमच्या घरच्या कानबाईपुढे मला बसता येणार नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे रोज उभं राहायचं. वरच्या खोलीत बसलेली मनीषा त्या मानानं कमी उभी राहायची. तसंच होतं.

पाचव्या वर्षी आषाढाच्या शेवटी किशोरचा फोन आला. "मामा, आईनं ठरवलंय, यंदा कानबाई आपल्याकडे नको. शिरपूरला काकांकडे बसवायची, कायमची. म्हणते, या घरात माय पाणी घेत नाही." मग म्हणाला, "मनीषा उद्या सोलापूरला चाललीय. कधी येणार विचारलं, तर काही बोलत नाही."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. पहार आणि फावडं घेऊन गेलो, कारण तोंडानं सुरुवात होणार नाही हे मला माहीत होतं. अक्का ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसली होती. दाराशी मनीषाची बॅग भरून ठेवलेली. मला आलेला पाहून ती सवयीनं आत चहाला गेली. मी सरळ पुढच्या कोपऱ्यात जाऊन खणायला लागलो.

"बापू, काय करी राहिना रे?" अक्का उठून उभी राहिली. "तो कानबाईना कोपरा शे."

मी थांबलो नाही. दोन फुटांवर पहार फरशीला लागली. ओली काळी माती बाजूला केली, फरशी उचकटून आडवी केली. खाली काळं पाणी, वरपर्यंत आलेलं. वास सगळ्या अंगणात पसरला. किशोर धावत बाहेर आला. मनीषा कप घेऊन दारात उभी राहिली.

"अक्का, हाऊ शोषखड्डा शे," मी म्हणालो. "मागे दगड लागना, म्हनीसन मीच अठे करेल शे. तुले सांगं नही."

अक्का कोपऱ्याशी आली. वाकून आत पाहिलं. "पहिलापाईन?"

"हा. पहिलापाईन. घर बांधं तवयपाईन."

"म्हनजे माय पेये ते..."

"अठेच जाये. आनि खड्डा भरना म्हनीसन ते उभं राहे. रोट बाहेर दिधा त्याना काही संबंध नही. पोरना काही दोष नही. इले दोन साल पहिले समजनं. इनी माले सांगाले लायं, आनि मी सांगं नही."

अक्का खाली बसली, मूठभर माती उचलून त्या खड्ड्यात सोडली आणि हात जोडले. मी फावड्याचा दांडा धरून शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती उठली. माझ्यापुढं येऊन उभी राहिली. आवाज अगदी साधा होता.

"खड्डानं माले काही नही, बापू. माय धरतीना पोटमा शे, तिले बठ्ठं मालूम. पन पाच साल तू अठे येस, या पोरना हातना चहा पेस. तो तुना गळामा कसा उतरना रे?"

मी फावडं भिंतीला टेकवलं.

मग ती मनीषाकडे वळली. "मी तुले काय काय बोलनू, पोरी," एवढं म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "यंदाना गहू तू निवड." किशोरनं दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत नेली. ओट्यावर ठेवलेला माझा कप मनीषानं उचलला, त्यावर साय धरली होती. "हा निवला. दुसरा आणते," म्हणाली आणि आत गेली.

शोषखड्डा मी मागं नेला. यंत्र आणून दगड फोडला, मुरूम लागेपर्यंत खाली गेलो, रोज सकाळपासून तिथं उभा राहिलो. पुढचा खड्डा उपसून, दगडविटा काढून मुरमानं बुजवला. त्या कोपऱ्यात आता अक्कानं गोकर्णाचा वेल लावलाय, आणि कानबाईसाठी फाटकाजवळची फरशी काढून नवी जागा केलीय. कानबाई शिरपूरला गेली नाही. त्या वर्षी पाणी ओतलं, तेव्हा लगेच जिरलं नाही. मातीत जिरतं तसं सावकाश, तासाभरानं जिरलं. अक्का तासभर तिथं पाट घेऊन बसली होती, आणि शेजारी मनीषा. हे किशोरनं मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी मी काम थांबवलं. पाटी उतरवली. हे लिहायचं ठरलं तेव्हा अक्काला विचारायला गेलो. तिनं राखी तोडली नव्हती, फक्त आता ओवाळताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते. म्हणाली, "लिही. पन पोरले ईचार." मी मनीषाला विचारलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं काम आहे, तुम्ही लिहा."

त्या घरी मी अजून जातो. चहा अजूनही मनीषाच आणते, आणि तो बिनसाखरेचाच असतो. कप पुढं करताना म्हणते, "घ्या." पूर्वी त्याच्याआधी मामा म्हणायची.